आकडा आणि वाक्य

तारखात्याचे आकडे जुन्या मंडळींच्या अजून ध्यानात असतील. दिवाळीच्या दिवसांत तारेच्या फॉर्मवर नाव-पत्ता लिहावा आणि मजकुराच्या जागी नुसता ‘1’ लिहून द्यावा, की पलीकडच्या गावचा तारमास्तर दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छांचे अख्खे वाक्य सजवलेल्या कागदावर उतरवून शिपायाच्या हाती देई. 2 लिहिले तर ईद मुबारक. 8 लिहिले तर नवदांपत्याला दीर्घ आणि सुखी संसाराचे इष्टचिंतन. तारेवरून वाक्य जातच नसे. जाई तो आकडा. वाक्य दोन्ही टोकांच्या कचेऱ्यांत आधीच छापून ठेवलेले असे. एकेक अक्षर टकटक करीत पाठवायचे आणि शब्दाशब्दाला दाम मोजायचे, अशा काळात ही युक्ती मोठीच शहाणपणाची होती. 2013 सालच्या जुलै महिन्याच्या मध्यावर आपल्याकडची तार कायमची बंद झाली आणि ते आकडेही तिच्याबरोबर गेले.

या पद्धतीतली खुबी अशी, की आकडा घरापर्यंत पोचत नसे. लग्नघरी शिपाई आला आणि नवऱ्यामुलाच्या हातात नुसता 8 ठेवून निघून गेला, असे कधी कोणाच्या ऐकिवात नाही. आकडा तारेचा, वाक्य माणसाचे, आणि एकाचे दुसरे करणारा तारमास्तर मधे बसलेला, अशी ती वाटणी होती. मला आज जी हकीगत सांगायची आहे ती संगणकाची आहे, पण तिच्यात गोष्ट हीच आहे. फरक एवढाच, की तिथे हा मधला तारमास्तर पुष्कळ उशिरा कामावर आला, आणि आपल्या मराठी मुलुखात तर तो अजून पुरता हजर झालेला नाही.

संगणकात ‘सी’ नावाची एक भाषा आहे. आजच्या जगात पैशांचे व्यवहार, टेलिफोन, आगगाड्यांची आरक्षणे ज्या यंत्रांवर चालतात त्यांच्या पोटातला मोठा भाग याच भाषेत लिहिलेला आहे. या भाषेत प्रोग्राम लिहिणारा मनुष्य स्वतः कागदपत्रांच्या कपाटाला हात लावीत नाही. कपाट यंत्राच्या मुख्य व्यवस्थेच्या ताब्यात. प्रोग्रामने खिडकीशी जाऊन अर्ज करायचा: अमुक फाइल उघडून द्या, तमुक मजकूर लिहून ठेवा. काम झाले तर ठीकच. न झाले तर खिडकीतून उत्तर येते ‘उणे 1’, म्हणजे झाले नाही. का झाले नाही, हे ‘एर्नो’ नावाच्या एका ठरावीक जागी आकड्याने लिहून ठेवलेले असते. 2 असेल तर त्या नावाची फाइल नाही. 13 असेल तर परवानगी नाही. 28 असेल तर जागा संपली. मामलेदार कचेरीत ज्याने आयुष्यात एकदा तरी अर्ज केला आहे त्याला ही व्यवस्था समजायला मुळीच जड जाऊ नये.

हे सारे घडले अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथे, बेल लॅबोरेटरीज या टेलिफोनवाल्यांच्या प्रयोगशाळेत. 1969 साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी एका जुनाट, कोणाला फारशा न लागणाऱ्या यंत्रावर ‘युनिक्स’ नावाची व्यवस्था उभी करायला घेतली. पुढे त्यांना पीडीपी-11 हे नवे यंत्र मिळाले, ते एका कबुलीवर: पेटंट विभागातील टायपिस्ट मंडळींना अर्ज लिहायची आणि छापायची सोय करून द्यायची. त्या यंत्राची स्मरणशक्ती होती 24 हजार अक्षरांची, म्हणजे आपल्या दिवाळी अंकातली फार तर दहा-बारा पाने. त्यातली 16 हजार व्यवस्थेने घ्यायची आणि उरलेल्या 8 हजारांत इतरांनी संसार करायचा. एका खोलीच्या बिऱ्हाडात जो काटकसरीचा स्वभाव बनतो तोच या मंडळींच्या लिहिण्यात उतरला. त्यांचा ‘एड’ नावाचा मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम होता. त्याला काही समजले नाही, पटले नाही, सापडले नाही, की तो एकच चिन्ह छापी: प्रश्नचिन्ह. बाकीचे ज्याने त्याने समजून घ्यायचे. मला तर हे वाचताना आमच्या लहानपणचे गणिताचे एक मास्तर आठवले. ते पाटीवर उत्तर चुकले की नुसते चष्म्यावरून पाहत.

1971 च्या नोव्हेंबरात युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका निघाली. त्या वेळी खिडकीतून आकडाही मिळत नव्हता. काम झाले नाही तर यंत्रातली एक खूण वर उचलली जाई, बस्स. कारणे पुस्तिकेत दिलेली असत: फाइल नसेल, किंवा परवानगी नसेल, किंवा आणखी काही असेल, त्यांतले आपल्याला लागू कोणते ते आपण ओळखायचे. 1973 साली ही सारी व्यवस्था सी भाषेत नव्याने लिहिली गेली. 1975 च्या सहाव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत पाहावे तो तीसएक आकडे, प्रत्येकाचे छोटे नाव आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी वाक्य असा तक्ता तयार झालेला दिसतो. 1979 च्या सातव्या आवृत्तीत गणितातल्या दोन अडचणींची भर पडून तो 34 वर गेला.

या तक्त्याबरोबर ‘पी-एरर’ नावाचे एक लहानसे साधन आले, आणि माझ्या मते या हकीगतीतला पहिला तारमास्तर तो. त्याचे काम सोपे. त्याला एक शब्द द्यावा, बहुधा फाइलचे नाव. तो आधी तो शब्द छापतो, मग विसर्गासारखी दोन टिंबे देतो, मग एर्नोमधला आकडा पाहून तक्त्यातले वाक्य छापतो. ‘हजेरी: अशी फाइल नाही.’ या दोन टिंबांच्या डावीकडचा शब्द फार मोलाचा आहे. तक्त्याला फक्त ‘का’ ठाऊक असते. ‘कशाचे’ ते प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच ठाऊक असते. दोन्ही एकत्र आले तरच ऐकणाऱ्याला काही अर्थबोध होतो. कादंबरीतही असेच आहे. ‘तो गेला’ असे वाक्य पहिल्या पानावर लिहून चालत नाही. कोण गेला ते आधी वाचकाला कळावे लागते.

आणखी एक गोष्ट जाता जाता. असली वाक्ये छापण्याची वाट वेगळी ठेवलेली असते. प्रोग्रामचे खरे काम एका वाटेने बाहेर पडते आणि तक्रार दुसऱ्या वाटेने. असे सांगतात, की पूर्वी दोन्हींची वाट एकच असताना अक्षरजुळणीच्या महागड्या यंत्रावर मंडळींनी मजकूर पाठवला आणि सुबक टायपात जुळून आले ते तक्रारीचे वाक्य! तेव्हापासून तक्रारीची खिडकी निराळी झाली.

आता तक्त्यातल्या 25 व्या आकड्याची मौज सांगतो. त्यापुढचे वाक्य होते: हा टाइपरायटर नव्हे. त्या काळी संगणकाशी बोलायचे ते टाइपरायटरसारख्या यंत्रावरून, आणि त्या यंत्राला विचारायचा प्रश्न भलत्याच वस्तूला विचारला की व्यवस्था 25 हा आकडा देई. पुढे टाइपरायटर गेले, पडदे आले, तरी वाक्य राहिले. आता होई असे: प्रोग्राम काही छापायला निघाला, की आपण माणसासमोर छापतो आहोत की फाइलीत, हे तो गुपचूप विचारून घेई. फाइल असली तर ‘टाइपरायटर नव्हे’ असे उत्तर येई. त्यात बिघडले काहीच नाही; उत्तर ऐकून प्रोग्राम पुढे चाले. पण 25 हा आकडा एर्नोच्या जागी तसाच पडून राही, कारण त्या जागेचा नियम असा, की काम फसले तर आकडा लिहायचा, पण काम साधले तर जुना पुसायचा नाही. मग पाऊण कोस पुढे प्रोग्रामला एखादी अगदी निराळी अडचण आली, आणि लिहिणाऱ्याने विचार न करता ‘पी-एरर’ला हाक मारली, की तो इमानदारीने तो शिळा आकडा उचलून छापी. पत्र पोचवणाऱ्या एका प्रोग्रामने यामुळे कित्येकांना कळवले, की आपले पत्र पोचले नाही: अशा नावाचा कोणी नाही, हा टाइपरायटर नव्हे. पत्र लिहिणाऱ्याने डोके किती खाजवले असेल याची कल्पना करावी.

म्हणून सी शिकवणारे दोन गोष्टी घोकून घेतात. काम झाले नाही असे उत्तर आल्याखेरीज एर्नोकडे पाहू नये. आणि उत्तर आल्यावर दुसरे कोणतेही काम करण्यापूर्वी पाहावे, नाहीतर आकडा बाजूला लिहून ठेवावा. ज्यांनी हे पाळले नाही त्यांच्या प्रोग्रामने कधी कधी ‘अडचण: यशस्वी’ असेही छापलेले आहे. कारण काही यंत्रांवर शून्य आकड्यापुढे ‘यशस्वी’ हाच शब्द असतो.

युनिक्स वाढले तसे त्याचे भाऊबंद झाले आणि भाऊबंदकी म्हटली की हिश्श्यांचे वाद आलेच. आकड्यांचेही तसेच. ‘पुन्हा प्रयत्न करा’ आणि ‘दोघे एकमेकांसाठी अडून बसले आहेत’ अशी दोन कारणे आहेत. लिनक्सवर पहिल्याचा आकडा 11 आणि दुसऱ्याचा 35. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या शाखेत, आणि तिथून आलेल्या ॲपलच्या यंत्रांवर, पहिल्याचा 35 आणि दुसऱ्याचा 11! डॉसमध्ये 5 म्हणजे परवानगी नाही. युनिक्सवर 5 म्हणजे वाचण्या-लिहिण्याच्या यंत्रातच बिघाड. तारखात्यात असे झाले असते तर दिवाळीला 1 पाठवावा आणि पलीकडे लग्नाच्या शुभेच्छा पोचाव्यात, असा प्रकार. 1988 साली पॉझिक्स नावाचे प्रमाण ठरले, त्यात शहाणपणाचा तोडगा निघाला: आकडे ज्याचे त्याने ठेवावेत, नावे मात्र सर्वांची एक. प्रोग्रामात आकडा लिहायचाच नाही, नाव लिहायचे. पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, सी भाषेचे अमेरिकन प्रमाण आले आणि त्यात ‘पी-एरर’च्या जोडीला ‘स्ट्र-एरर’ हे दुसरे साधन पक्के झाले. पहिला तारमास्तर वाक्य स्वतःच छापून मोकळा होई. दुसरा ते वाक्य नुसते आपल्या हाती देतो. मग ते आपण खिडकीत दाखवा, वहीत नोंदवा, की दुसऱ्या मजकुरात गुंफा.

या स्ट्र-एररची एक खोड होती. शिक्षकांच्या खोलीत एकच फळा असतो ना, तसा त्याचा एकच फळा. तुम्ही आकडा दिलात, त्याने वाक्य फळ्यावर लिहिले आणि म्हणाला, तिकडे पाहा. तुम्ही पाहायच्या आत दुसऱ्या कोणी दुसरा आकडा दिला, की फळ्यावर त्याचे वाक्य. एका वेळी एकच काम चाले तोवर निभावले. एकाच प्रोग्रामात दहा कामे समांतर चालू लागली तेव्हा ज्याने त्याने आपली पाटी घेऊन यावे असे ‘स्ट्र-एरर-आर’ निघाले. तेही दोन पंथांनी दोन तऱ्हांनी केले आणि नवशिक्यांच्या मार्गात आणखी एक धोंडा ठेवला. लिनक्सवर ज्या ग्रंथालयातून ही साधने येतात त्याच्या 2020 सालच्या आवृत्तीत स्ट्र-एररची ही जुनी खोड अखेर मोडली, आणि त्याच वेळी पूर्वीचा उघडा तक्ता नव्या प्रोग्रामांना बंद झाला. म्हणजे आता तक्ता भिंतीवर टांगलेला नाही; मास्तरांनाच विचारावे लागते. आणि मास्तरांना विचारण्याचा फायदा असा, की मास्तर तुमच्या भाषेत सांगू शकतात.

इथे आपण आपल्या अंगणात येतो. 1995 च्या सुमारास ‘गेटटेक्स्ट’ नावाची व्यवस्था मोकळ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी आपलीशी केली. इंग्रजी वाक्य डावीकडे, आपल्या भाषेतले उजवीकडे, अशा याद्या कोणीही स्वयंसेवकाने कराव्यात. यंत्राला तुमची भाषा सांगितली की आकडा तोच राहतो आणि वाक्य जर्मन, जपानी, तुर्की होऊन येते.

परक्या शब्दांना आपले शब्द शोधायचा उद्योग आपल्याला नवा नाही. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून 1677 च्या सुमारास दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ रचला गेला. तो रघुनाथपंतांच्या नावावर आहे. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, 1960 च्या जुलैत, भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषाकोशांची कपाटे भरू लागली. यंत्राच्या बाजूनेही उणे नव्हते. 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाले. तिथल्या जिस्ट या तंत्राने पडद्यावर देवनागरी उमटू लागली. 1991 साली भारतीय लिप्यांचे इस्की हे प्रमाण सुधारून आले आणि त्याच वर्षी जगाच्या युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाली. पुण्यात आणि मुंबईत बसून तरुण मंडळींनी लिनक्सच्या पडद्यावरची शेकडो वाक्ये मराठीत आणली. फाइल, संपादन, दृश्य, मदत, सारे मराठीत वाचता येते.

आणि सी भाषा? ती तर महाराष्ट्राने घरोघर नेली म्हणावे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ देशभरातल्या मुलांच्या दप्तरात गेले. पण पुस्तक इंग्रजीत, आणि नकाराची वाक्येही इंग्रजीत. आमच्याकडे सापगावात भातसेच्या काठच्या मुलांना आठवड्यातून दोनदा मी यंत्रापुढे बसवतो. माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला नोकरीस असतो, त्याने लिनक्स घालून दिले. यंत्राची भाषा मराठी केली, महिने-वार मराठीत आले, पाट्या मराठी झाल्या. मग आठवीतल्या एका मुलीने सीमध्ये पहिला प्रोग्राम लिहिला, नसलेली फाइल उघडायला सांगितली, आणि खालून वाक्य आले ते इंग्रजीच. वरचा मजला मराठी, तळघर इंग्रजी. तिने विचारले, “सर, हे रागावलंय का?” मला तो प्रश्न फार नेमका वाटला. कारण परक्या भाषेतले वाक्य समजले नाही की मूल त्याचा अर्थ शोधत नाही, त्याचा सूर शोधते. आणि यंत्राचा सूर त्याला नेहमी रागाचाच वाटतो. दोन-तीनदा असे झाले की मूल खुर्चीवरून उठते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांतून येणारी किती मुले अशी उठून गेली असतील!

तेव्हा आम्ही ठरवले की त्या जुन्या 34 वाक्यांची मराठी आपणच करावी. ही मुले आणि मी, शनिवारच्या दुपारी.

पहिला तंटा ‘एरर’ या शब्दाचाच. कोशात ‘त्रुटी’ आहे, बोलण्यात ‘चूक’ आहे. पण तक्ता वाचून पाहिला तर त्यात चुका फार थोड्या. जागा संपली ही कोणाची चूक? दुसरा कोणी ती वस्तू वापरतो आहे, ही कोणाची चूक? ही सारी नकाराची कारणे आहेत. आम्ही ‘चूक’ काढून टाकला आणि ‘अडचण’ घेतला.

मग 1 आणि 13. इंग्रजीत दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात आणि बहुतेक जाणतेही त्यांत घोटाळा करतात. 13 म्हणजे या कागदाला हात लावण्याची परवानगी तुम्हांला दिलेली नाही. देणाऱ्याने दिली तर लावता येईल. 1 चा मूळ अर्थ, तुम्ही मालक नव्हे. हे काम मालकाचे किंवा मुख्याधिकाऱ्याचे. शेतकऱ्यांच्या मुलांना हा भेद समजावून सांगावा लागला नाही. दुसऱ्याच्या बांधावरून जायची परवानगी निराळी आणि सातबाऱ्यावर नाव असणे निराळे, हे त्यांना जन्मापासून ठाऊक. 13 ला ‘परवानगी नाही’, 1 ला ‘हे तुमच्या अधिकारातले नाही’.

28 सर्वांत लवकर झाले: ‘जागा शिल्लक नाही.’ शहापूरच्या एसटीत रोज ऐकायचे वाक्य. 16 ला एकाने सुचवले, ‘दुसऱ्याच्या हातात आहे’, आणि कोशातल्या ‘व्यस्त’पेक्षा ते मला उजवे वाटले. 30 म्हणजे ‘इथे फक्त वाचता येते’. 11 वर मात्र हशा पिकला. इंग्रजीत त्याचा भाव ‘तूर्त मिळत नाही, पुन्हा पाहा’ असा. मुलांनी एका सुरात म्हटले, ‘उद्या या!’ तालुक्याच्या ठिकाणी घरच्या मोठ्यांबरोबर फेऱ्या घातलेली मुले ती. पण वाक्य खोटे ठरले असते. यंत्र पळभराने पुन्हा विचारा म्हणते, उद्या नव्हे. ‘जरा थांबून पुन्हा’ यावर मिटले.

10 चे इंग्रजी वाक्य शब्दशः घेतले तर ‘मूलबाळ नाही’ असे होते. एका प्रोग्रामातून दुसरा निघतो त्याला तिकडे मूल म्हणतात; वाट पाहायला असे मूलच नसेल तेव्हा हा आकडा येतो. कोणा निपुत्रिकाच्या पडद्यावर हे यावे, हे माझ्या मनाला पटेना. मुलांना त्यात काही वावगे दिसले नाही, पण इथे मी माझे वय वापरले आणि ‘वाट पाहावी असे कोणी नाही’ असे लिहिले. आता वाचतो तर तेच अधिक उदास वाटते. पण राहू दिले आहे.

32 ला इंग्रजीत ‘फुटका पाइप’ म्हणतात. एक प्रोग्राम ओतत असतो आणि पलीकडचा भरून घेणारा उठून गेलेला असतो. आमच्या भातसा-तानशाचे पाणी मोठमोठ्या पाइपांनी मुंबईला जाते, तेव्हा पाइप म्हणजे काय हे मुलांना विचारायलाच नको. पण पाइप फुटलेला नाही, पलीकडे घेणाराच नाही, हे त्यांनी बरोबर पकडले. ‘पलीकडे घेणारा नाही.’ मूळ इंग्रजीहून हे वाक्य खरे आहे, असे मी निःसंकोच म्हणतो.

हा खटाटोप कोणी रिकामटेकडेपणा म्हणेल, म्हणून एक निराळा प्रसंग सांगतो. रेशनच्या दुकानात हल्ली बोट टेकवून धान्य घ्यायचे यंत्र असते. आधारच्या पडताळणीलाही आकड्यांचा तक्ता आहे. त्यात 300 म्हणजे ठसे जुळले नाहीत, 330 म्हणजे ठशांना मालकाने स्वतःच कुलूप लावून ठेवले आहे, 998 म्हणजे आधारचा क्रमांकच सापडत नाही. तीन अगदी वेगळ्या गोष्टी, आणि तिन्हींवर उपाय वेगळे. एका पाड्यावरची कातकरी म्हातारी माझ्यापुढे रांगेत होती. जन्मभर लाकूडफाटा आणि वीटभट्टी केलेली बोटे. रेषा उरणार कुठून? तिने बोट टेकले. दुकानदार यंत्राकडे पाहून म्हणाला, “आजी, तीनशे आलाय.” म्हातारीने कनवटीची पिशवी सोडली आणि विचारले, “किती द्यायचे?” तिला वाटले तीनशे रुपये मागतात. मी पुढे होऊन सांगितले, की पैसे नव्हेत, बोट ओळखले नाही. पुसून दुसरे लावून पाहा. तिसऱ्या बोटाला ठसा जुळला आणि तिला तांदूळ मिळाले. दुकानदार माणूस वाईट नव्हता. त्याच्या पडद्यावर जे आले ते त्याने वाचून दाखवले.

आमची यादी तयार आहे म्हणावी तर तशी ती 33 वाक्यांचीच आहे. 25 अडले आहे. इंग्रजीवाल्यांनी आता ‘टाइपरायटर नव्हे’ हे काढून ‘या यंत्राला न शोभणारी विचारणा’ अशा अर्थाचे काहीतरी लांबलचक घातले आहे, ते मुलांना मुळीच आवडत नाही. त्यांना टाइपरायटर हवा आहे. त्यांच्यातल्या एकानेही तो कधी पाहिलेला नाही. शहापूरला कोर्टाबाहेर एखादा अजून असेल तर एका शनिवारी त्यांना घेऊन जाऊन दाखवावा, आणि मग मत घ्यावे, असा विचार आहे.